न बोलावलेले आठ पाहुणे

कोणताही महोत्सव त्याच्या मांडवावरून मोठा ठरत नाही. दावत कोणाला मिळाली आणि दाराबाहेर कोण राहिले, यावरून तो ठरतो. ही कसोटी लावून आम्ही येथे स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या पहिल्या महोत्सवाचा विचार करीत आहोत.

२४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर १९४७ असे तीन आठवडे तेथे संगीत, ऑपेरा, नाटक आणि बॅले यांचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला. जोडीला माहितीपटांचाही झाला. नऊच दिवसांपूर्वी आपला देश स्वतंत्र झाला होता आणि पंजाब पेटलेला होता. युरोप महायुद्धाच्या राखेतून उठत होता. ब्रिटनमध्ये कोळशाची इतकी टंचाई होती की, किल्ल्यावर रोषणाई करायला सरकारने नकार दिला. तेव्हा लोकांनी आपल्या रेशनचा कोळसा देऊ केला आणि काही रात्री किल्ला उजळला. पोटाला चिमटा काढून कलेसाठी पुढे येणाऱ्या या सामान्य माणसांना प्रथम सलाम केला पाहिजे.

महोत्सवाचे सूत्रधार रुडॉल्फ बिंग व्हिएन्नाच्या ज्यू कुटुंबातले. हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना जर्मनी सोडावी लागली. त्यांनी संगीतकार ब्रुनो वॉल्टर यांना बोलावले. तेही ज्यू, तेही परागंदा. वॉल्टर यांच्यासमोर बसणार होता व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद. याच वाद्यवृंदाने १९३८ साली आपल्या ज्यू वादकांना बाहेर काढले होते, आणि १९४२ पर्यंत त्याचे जवळजवळ निम्मे सदस्य नाझी पक्षात होते. युद्धानंतर वॉल्टर आणि हे वादक प्रथमच एकत्र आले. नाझींनी ज्याचे संगीत बंद केले त्या माहलरची रचना वाजली. ती गाणारी कॅथलीन फेरियर एका शाळामास्तरांची मुलगी, पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम केलेली. शेवटचे शब्द गाताना तिला रडू आवरले नाही.

पहिल्या महोत्सवाचा सर्वोच्च क्षण म्हणून याचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण गळाभेट झाली म्हणजे हिशेब चुकता झाला, असे आम्हाला वाटत नाही. त्या वाद्यवृंदाने नाझी काळातला आपला इतिहास अभ्यासकांकडून तपासून सविस्तर लोकांपुढे ठेवला तो २०१३ साली, म्हणजे ६६ वर्षांनी. संगीत मने जवळ आणते. सत्य मात्र वेगळे सांगावेच लागते.

आता महोत्सवाच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. ग्लाइंडबोर्नने व्हेर्दी आणि मोत्झार्टचे ऑपेरे आणले. लंडनच्या ओल्ड व्हिक कंपनीने शेक्सपिअर केला. पॅरिसहून लुई जुव्हे यांची नाटक मंडळी आली. सॅडलर्स वेल्सचा बॅले झाला. सगळे अव्वल दर्जाचे! पण ज्या भूमीवर हा जश्न भरला, त्या स्कॉटलंडच्या नाटकाला मुख्य कार्यक्रमात जागाच नव्हती. ज्यांना स्वतःला घराबाहेर काढले गेले होते, त्यांनी घातलेल्या मांडवातही घरचेच लोक बाहेर राहिले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ‘दर्जा’ नावाची चाळणी लावली की घरचे दाणे नेहमीच खाली पडतात. आम्ही याला पहिल्या महोत्सवाचा मोठा दोष मानतो.

मात्र बाहेर राहिलेले रुसून बसले नाहीत. आठ नाटक मंडळ्या आमंत्रणाशिवाय आल्या. सहा स्कॉटलंडच्या, दोन इंग्लंडच्या. त्यांनी मिळेल ती जागा घेतली आणि आपले खेळ लावले. त्यांतल्या ग्लासगो युनिटी थिएटरने गॉर्कीचे तळागाळातल्या माणसांचे नाटक केले. उर्दू वाचकांना त्याची ओळख वेगळ्या वाटेने आहे. याच नाटकावरून हयातुल्ला अन्सारींना ‘नीचा नगर’ची कथा सुचली आणि चेतन आनंद यांचा तो चित्रपट १९४६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. युनिटीचे दुसरे नाटक रॉबर्ट मॅक्लेलन यांचे, तेही स्कॉट्स बोलीत. घरात एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना आम्ही रोज शिकवतो. घरची बोली रंगमंचावर ऐकू आली की माणसाची मान कशी ताठ होते, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

परिणाम लवकरच दिसला. १९४८ साली मुख्य महोत्सवानेच डेव्हिड लिंडसे यांचे सोळाव्या शतकातले स्कॉट्स नाटक उभे केले आणि ते गाजले. त्याच वर्षी नाटककार रॉबर्ट केम्प यांनी या आगंतुक मंडळींना ‘फ्रिंज’, म्हणजे काठावरचे, असे नाव दिले. आज त्या काठावर दरवर्षी तीन हजारांहून अधिक कार्यक्रम होतात. अर्थात तिथेही आता जागेचे आणि मुक्कामाचे भाडे गरीब कलावंताला परवडत नाही. उघड्या दारालाही उंबरठा असतोच.

म्हणून १९४७ च्या या महोत्सवाचे श्रेय आम्ही दोघांना देतो. बोलावलेल्यांनी त्याला कीर्ती दिली. न बोलावलेल्यांनी त्याला त्या मातीत रुजवले. आपल्याकडे कुठे नवा महोत्सव भरला तर पाहुण्यांची यादी जरूर वाचावी, पण त्याआधी यादीत कोण नाही ते पाहावे. आणि ज्यांचे नाव नाही, त्यांनी दावतनाम्याची वाट पाहत बसू नये.