दारामागची पाटी

देहूत वाचायचं ते भिंतीवर असतं. इंद्रायणीकाठच्या गाथा मंदिरात तुकोबांचे चार हजारांहून अधिक अभंग संगमरवरावर कोरून भिंतीभर लावले आहेत. गावोगावहून आलेली माणसं मान वर करून वाचत हिंडतात, तोंडपाठ असलेला अभंग नेमका कुठल्या भिंतीवर आहे ते शोधतात आणि सापडला की सोबतच्याला हाक मारून दाखवतात. छापील गाथा घरी असतेच, तरी ती भिंतीवर वाचण्याचा आनंद वेगळा.

याच गावात आणि इथून देहू रोड, तळवडे, चाकण, तळेगावपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात भिंतीवरचा आणखी एक मजकूर आहे. तो कुणी मान वर करून वाचत नाही. स्वस्तातल्या लॉजमध्ये खोली घ्यावी, दार आतून लावावं, म्हणजे दारामागे ती पाटी दिसते. जुनी असेल तर पत्र्यावर रंगवलेली, नवी असेल तर लॅमिनेशन केलेला कागद. वर 'नियम व सूचना', खाली आकडे घालून सहा-आठ वाक्यं. लॉज बदलला तरी ही वाक्यं फारशी बदलत नाहीत. लेखकाचं नाव नसलेलं, लोकांनी वापरून वापरून घोटलेलं असं हे गद्य आहे. ओवीला आपण हाच मान देतो, मग पाटीला का नको?

पाटीची पहिली गंमत तिच्या क्रियापदांत आहे. 'रजिस्टरमध्ये संपूर्ण नोंद करावी.' 'किल्ली काउंटरवर जमा करावी.' 'भिंतीवर लिहू नये.' 'जादा वेळेचे भाडे आकारले जाईल.' कुणी करावी, कोण आकारणार, याचा पत्ता नाही. समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही, हा मराठी माणसाचा रोजचा पेच पाटीने कर्त्यालाच वगळून सोडवला आहे. तिला तसं करणं भागच होतं. आज या खोलीत कंपनीत मशीन दुरुस्त करायला आलेला सर्व्हिस इंजिनीअर असतो, उद्या मुलाखतीला आलेला आयटीआयचा पोरगा, परवा पारायणाला आलेले बीडकडचे आजोबा आणि त्यांच्या पिशव्या. तिघांना पुरेल असं एकच संबोधन मराठीत नाही. ज्या गावच्या कवीने देवाला एकेरीत हाक मारली आणि त्याच्याशी भांडणही एकेरीतच केलं, त्या गावातली ही पाटी कुणालाच हाक मारत नाही.

शेवटच्या नियमात मात्र कर्ता एकदम उठून उभा राहतो. 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' सबंध मजकुरात व्यवस्थापन एकदाच पुढे येतं, आणि येतं ते अंग काढून घ्यायला. इतकं नेमकं व्यक्तिचित्र दोन वाक्यांत उभं करणं भल्याभल्यांना जमत नाही.

माझा सगळ्यात आवडता नियम मधला आहे. 'पंख्यावर कपडे वाळत घालू नयेत. टॉवेल, चादरीने बूट पुसू नयेत.' नकाराचं वाक्य उगाच लिहिलं जात नाही. कुणीतरी ते करून गेलेलं असतं, मालकाने ते पाहिलेलं असतं, आणि दुसऱ्यांदा झालं तेव्हा पेंटरला बोलावलेलं असतं. पंख्यावर कपडे कोण घालतं? इंद्रायणीत स्नान करून आलेला माणूस. ज्येष्ठ संपत आलेला, मावळाकडून पाऊस उतरलेला, धोतर पिळलं तरी ओलंच, आणि खोलीला खिडकी असली तर तिच्याबाहेर समोरची भिंत. वर पंखा संथ फिरतोय. त्या माणसाला दुसरं काय सुचणार? आणि बूट कोण पुसतं? पुढे पोलादी टोपी असलेले, ऑइलचे डाग पडलेले सेफ्टी शूज ज्याच्या पायात आहेत तो. त्याला सकाळी पुन्हा गेटवर उभं राहायचंय. लॉजचा टॉवेल पांढरा असतो हा त्याचा दोष नव्हे.

म्हणजे एका नियमाच्या दोन वाक्यांत धोतरवाला आणि सेफ्टी शूवाला शेजारी शेजारी येऊन बसले. हे सहसा होत नाही. देहूवरची पुस्तकं, माहितीपत्रकं काढून पाहा. त्यांत मुख्य मंदिर असतं, भंडारा डोंगर असतो, गाथा तरली ती इंद्रायणी असते, नांदुरकीचा वृक्ष असतो. तिथून जवळच असलेल्या कारखान्यांचा त्यांत उल्लेख नसतो. चाकणवरचे लेख काढा. त्यांत बजाज असते, महिंद्रा असते, २००९ साली सुरू झालेला फोक्सवॅगनचा कारखाना असतो, पण वारकरी औषधालाही सापडत नाही. देहू रोडचं तर तिसरंच काही. ती लष्कराची छावणी, मुंबई-पुणे लोहमार्गावरचं स्टेशन, आणि जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली ती जागा. तिन्हीकडे येणारी माणसं वेगळी, त्यांच्यावर लिहिणारेही वेगळे. ती एका छपराखाली झोपतात ते लॉजमध्ये, आणि एका मजकुरात आलीच तर या पाटीवर.

पाटी ज्या रजिस्टरकडे बोट दाखवते तेही वाचण्यासारखं असतं, दुसऱ्याच्या नोंदी न वाचता नुसते रकाने वाचले तरी. नाव. वय. कोठून आले. कोठे जाणार. येण्याचे कारण. सही. हे प्रश्न पोलिसांच्या सोयीचे. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती कळवावी लागते, आणि चाकणच्या कंपन्यांमुळे कोरियन, जर्मन नावं या भागाला नवी राहिलेली नाहीत. पण कोठून आले, कोठे जाणार आणि कशासाठी, हे तीन रकाने देहूच्या काउंटरवर बॉलपेनने भरताना हात जरा अडतोच. गाथा मंदिरातून नुकतंच परत आलेल्या माणसाला तर हा पेपर तिथेच सुटलेला वाटतो. लोक मात्र गोंधळत नाहीत. कारणाच्या रकान्यात 'दर्शन', 'कंपनी काम' किंवा 'खाजगी' यांपैकी एक लिहून मोकळे होतात. मॅनेजरला तिन्ही चालतात.

त्याला चालत नाही ती एकच गोष्ट, आणि पाटीवर ती ठळक असते. 'स्थानिक ओळखपत्र चालणार नाही.' बोलताना 'लोकल आयडी' म्हणतात. आधार कार्डावर पिंपरी-चिंचवडचा पत्ता दिसला की मॅनेजर कार्ड परत सरकवतो. कारण सगळ्यांना ठाऊक असतं आणि पाटीवर लिहिलेलं नसतं. घर जवळ असलेली माणसं खोली घेतात म्हणजे काहीतरी भानगड असणार, मग पोलीस येणार, मग लॉजचं नाव खराब होणार. कायद्यात असा नियम नाही. अविवाहित जोडप्याने हॉटेलात खोली घेणं हा गुन्हा नव्हे, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली कोइंबतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तरीही पाटी हलत नाही. आणि या नियमात सापडतात ते दुसरेच. शेवटची बस चुकलेला, घरात लग्नाचे पाहुणे मावेनात म्हणून दोन खोल्या शोधणारा, बापाशी भांडून रात्रीपुरता बाहेर पडलेला. आपल्याच गावात एक रात्र परकं होण्याची गरज माणसाला पडू शकते, हे पाटीला मान्य नाही.

देहूच्या पाटीवर हा नियम वाचताना हसू येतं, कारण या गावाची सगळ्यात मोठी परंपरा नेमकी त्याच्या उलट आहे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. दर वर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचं प्रस्थान होतं. टाळ-मृदंग, फुगड्या, डोळ्यांत पाणी, सगळं होतं, आणि त्या दिवशी पालखी जाते कुठे? देहूतल्याच इनामदार वाड्यात. पहिला मुक्काम तिथे. आकुर्डीचं विठ्ठल मंदिर दुसऱ्या दिवशी. पंढरपूरला निघालेले तुकोबा पहिली रात्र स्वतःच्याच गावात पाहुणे म्हणून काढतात. त्यांचं ओळखपत्र तर पक्कं लोकल. वाड्याने विचारलं नाही म्हणून बरं. घर सोडलं हे मनाला पटायला एक रात्र लागते, आणि ती घराजवळच काढावी, हे ज्यांनी ठरवलं त्यांना प्रवासातलं कळत होतं. पाटी लिहिणाऱ्याला कळत नाही.

काउंटरवरचा दरफलक दारामागच्या पाटीचा थोरला भाऊ. सिंगल, डबल, जादा गादी, आणि खाली बारीक अक्षरात 'गर्दीच्या काळात दर बदलतील', म्हणजे तुकाराम बीज आणि आषाढीचं प्रस्थान. दर लावून ठेवायची सक्ती जुनी आहे. १८६७ च्या सराई कायद्याने सराईवाल्याला सांगितलं होतं की आकाराची यादी मॅजिस्ट्रेट म्हणेल त्या भाषेत लोकांना दिसेल अशी लावावी, विहिरी नि गटारं साफ ठेवावीत, आणि चोरांना आत-बाहेर करायला उपयोगी पडतील अशा झाडाच्या फांद्या तोडाव्यात. फांद्यांचा तो नियम मला फार प्रिय आहे. तिथेही कुणीतरी फांदीवरून उतरून गेलेलं असणार. आजचा कायदा फांद्यांऐवजी करात लक्ष घालतो. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तिच्यावर १२ टक्के आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर उतरला. देवस्थानाच्या आवारात धर्मादाय संस्थेने चालवलेल्या भक्तनिवासाची खोली हजाराच्या आत असेल तर तिला माफी आहे. अमृतसरच्या सरायांवरून वाद झाला तेव्हा, ऑगस्ट २०२२ मध्ये, सरकारने हे पुन्हा खुलासा करून सांगितलं. तेव्हा तुम्ही देहूत यात्रेकरू म्हणून झोपलात की गिऱ्हाईक म्हणून, हे शेवटी पावतीवर कळतं.

आता वेळेचे नियम, कारण पाटी तिथे खरी घसरते. 'चेक-आउट दुपारी १२ वाजता.' काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, जेव्हा आलात तेव्हापासून पुढचा दिवस. या पट्ट्यात तोच न्यायाचा. तिसरी शिफ्ट संपवून किंवा रात्रीच्या गाडीने येऊन जो सकाळी खोली घेतो, त्याच्याकडून बारापर्यंतचा एक दिवस आणि बारानंतरचा दुसरा दिवस, असे दोन दिवसांचे पैसे घेणं हे झोपमोडीचं भाडं झालं. देहूत बाराचा ठोका मोठा खरा. तुकाराम बीजेला, फाल्गुन वद्य द्वितीयेला, दुपारी बाराच्या सुमारास नांदुरकीखाली हजारो लोक हात वर करून फुलं उधळतात, कारण तुकोबांच्या वैकुंठगमनाची ती वेळ मानतात. त्या वेळी रूमबॉय दार वाजवत असेल तर त्याने निदान बीजेला तरी थांबावं.

आणि 'गरम पाणी सकाळी ६ ते ८ या वेळेतच मिळेल.' वाक्य म्हणून उत्तम. 'वेळेतच' मधला 'च' नुसता वाचूनही गार पाण्याचा काटा अंगावर येतो. पण ते कुणासाठी लिहिलंय, याचा विचार केला की मती गुंग होते. काकड्याला जाणारा माणूस पहाटे चारला उठतो, त्याच्या नळाला गार पाणी. रात्रपाळीवरून कंपनीच्या बसने येणारा खोलीवर पोचेतो साडेआठ, त्याच्याही नळाला गार पाणी. सहा ते आठ या वेळात गरम पाणी कुणाला मिळतं? ज्याला देहूत ना देवाचं काम आहे ना कंपनीचं. ज्या पाटीने पंख्याच्या आणि बुटांच्या एका नियमात दोन्ही पाहुणे नेमके ओळखले, तिनेच इथे दोघांना विसरावं, हे तिच्या लेखनातलं मोठं वैगुण्य.

आता नव्या लॉजांत दारामागची पाटी निघून चकचकीत फ्लेक्स येतोय. 'प्रिय अतिथी, आपला मुक्काम सुखद होवो' असं काहीतरी, खाली क्यूआर कोड. व्याकरण बिनचूक, पाहुणा कोण ते ठाऊक नाही. या पट्ट्यातल्या लॉजमालकांना म्हणूनच विनंती आहे. पाटी बदलायचीच असेल तर पंखा आणि बूट जसे आहेत तसे ठेवा, लोकल आयडीची ओळ पुसा, आणि गरम पाणी पहाटे चारपासून नऊपर्यंत लिहा. लिहाल तेव्हा बॉयलरही चारला लावा.