देहाची साक्ष

राइट टाउनमध्ये आमच्या घरापासून स्टेडियमपर्यंत चालत गेलं तर वाटेत किराणा दुकानं कमी आणि दवाखाने जास्त लागतात. मंडला, दमोह, नरसिंहपूर इथून आलेली माणसं एक्स-रेचे मोठे लिफाफे मांडीवर ठेवून पायऱ्यांवर बसलेली असतात. माझ्या आत्याची खोली रस्त्याच्या बाजूला आहे, त्यामुळे हे सगळं तिला खिडकीतून दिसतं. ती स्वतः तेहतीस वर्षं नर्स होती. आता ती त्याच खिडकीशी बसून वाचते, आणि ती काय वाचते हे कळलं की पाहुणे चकित होतात. नागपूर-पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाकडून ती रॉबिन कुकच्या कादंबऱ्या मागवते. मेहता पब्लिशिंग हाऊसने त्या मराठीत आणल्यापासून हा क्रम चालू आहे. रुग्णालयं, भूल, चुकीची इंजेक्शनं, शवागार, असा सगळा मामला.

“जन्मभर हेच पाहिलंस, मग पुन्हा तेच कशाला वाचतेस?” मी एकदा विचारलं.

“अगं, इथे शेवटी पता तर लागतो,” ती म्हणाली.

‘पता लागतो’ हे आमचं जबलपुरी मराठी. पुण्याचे नातेवाईक त्यावर हसतात. मला मात्र या साहित्यप्रकाराबद्दल ऐकलेल्या उत्तरांपैकी हे सर्वांत प्रामाणिक वाटतं, आणि त्याची परीक्षाही करावीशी वाटते. खरंच पता लागतो का? आणि लागतो तो कशामुळे?

वैद्यकीय थरारकथा आणि न्यायवैद्यकीय गुन्हेकथा लोकांना का आवडतात, याची नेहमीची उत्तरं दोन. एक म्हणजे मृत्यूबद्दलचं कुतूहल, जे सुरक्षित अंतरावरून भागवता येतं. दुसरं म्हणजे माहिती. वाचकाला गोष्टीबरोबर थोडं शास्त्रही पदरात पडल्याचं समाधान मिळतं. दोन्ही खरी असतील, पण आत्याला दोन्ही लागू पडत नाहीत. मृत्यू तिने जवळून पाहिला आहे आणि माहिती लेखकापेक्षा तिच्याकडे जास्त आहे. भूल देण्याच्या वर्णनात चूक सापडली की ती समासात पेन्सिलीने फुली मारते आणि पुढे वाचत राहते.

कुकची ‘कोमा’ १९७७ मध्ये आली. कुक स्वतः डोळ्यांचा डॉक्टर. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेली धडधाकट माणसं शुद्धीवर येत नाहीत. सुसान व्हीलर ही विद्यार्थिनी, वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, तिच्याच वयाच्या एका बेशुद्ध मुलीपाशी थांबते. मग ती अशा रुग्णांची यादी मिळवते, त्यांचे केसपेपर वाचते आणि विशिष्ट ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचते. पुढे पाठलाग आहे, तारांनी टांगलेले देह आहेत, अवयवांचा बाजार आहे. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला. किडनीच्या चोरट्या धंद्याच्या बातम्या वाचलेल्या भारतीय वाचकाला हा भाग आता फारसा कपोलकल्पितही वाटत नाही.

तरी मला कादंबरीचा जीव त्या टांगलेल्या देहांत दिसत नाही. तो पहिल्या शंभरेक पानांत आहे. तिथे सुसान फक्त विचारत असते आणि प्रत्येक वरिष्ठ तिला सांगत असतो की हे तुझं काम नाही. कोणी समजावतं, कोणी दटावतं, कोणी तिच्या बाई असण्यावर बोट ठेवतं. खलनायक अजून समोर यायचा आहे, पण भीती आलेली आहे. जिथे आपण शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवतो तिथे प्रश्न विचारणं हाच उद्धटपणा ठरतो, ही ती भीती. पुढे कटकारस्थान उघड होतं तेव्हा कादंबरी थोडी सोपीच होते. दुष्ट माणूस सापडला की उरलेलं रुग्णालय निर्दोष सुटतं.

न्यायवैद्यकीय कथेची मांडणी याच्या उलटी आहे. इथे माणूस आधीच मेलेला असतो आणि प्रश्न त्याच्या देहाला विचारले जातात. पॅट्रिशिया कॉर्नवेल व्हर्जिनिया राज्याच्या वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात काम करत होत्या. त्यांची ‘पोस्टमॉर्टेम’ १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली डॉक्टर के स्कार्पेटा लेसरच्या उजेडात मृत स्त्रीच्या कातडीवरचे चकाकणारे कण शोधते. साध्या डोळ्यांना जे दिसत नाही ते यंत्राला दिसतं. या प्रकारच्या शेकडो पुस्तकांमागे एकच आश्वासन आहे: माणसं खोटं बोलतात, देह बोलत नाही. कॉर्नवेल स्वतः इतक्या भाबड्या नाहीत. त्यांच्या कादंबरीत स्कार्पेटाच्या कार्यालयातल्या संगणकातल्या नोंदींपर्यंत कोणीतरी पोहोचतं आणि पुराव्याची राखणदारच संशयाच्या फेऱ्यात येते. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र आश्वासन उचललं आणि ही शंका मागे ठेवली.

मराठीत हा प्रकार स्वतःहून फारसा रुजला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या जगात वेषांतर आहे, पाठलाग आहे, धाडस आहे. प्रयोगशाळेला तिथे फारशी जागा नाही. डॉक्टर लिहू लागले तेव्हा त्यांनी बहुधा आठवणी लिहिल्या. डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ घ्या. त्यात रुग्णालयाविषयी ओढ आहे आणि टीकाही आहे, पण ती घरातल्या माणसाने केलेली टीका आहे. डॉक्टर या व्यक्तीकडेच संशयाने पाहणारी कथा आम्ही इंग्रजीतून मागवतो. देव मानलेल्या माणसावर संशय घ्यायला परक्या गावाचं नेपथ्य सोयीचं पडतं.

पण या दोन्ही प्रश्नांची, म्हणजे डॉक्टरवरच्या विश्वासाची आणि देहाच्या साक्षीची, खरी गोष्ट मराठीतच घडलेली आहे. तिच्याकडे जाण्याआधी जबलपूरची एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण मेलेल्यांना साक्षीला बोलावण्याचा उद्योग आमच्या भागात फार आधी सुरू झाला होता. ठगांच्या बंदोबस्ताशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो विल्यम स्लीमन इथे अधिकारी होता. ठगांच्या भाषेवरचं त्याचं ‘रामासीआना’ १८३६ मध्ये छापलं गेलं. माफीचे साक्षीदार झालेले ठग जागा दाखवत, तिथे खणलं जाई आणि पुरलेले देह बाहेर काढले जात. बाहेर आलेल्या हाडांना आपलं नाव सांगता येत नसे. त्यांची कहाणी सांगत ते त्यांना मारणारेच, तेही स्वतःची मान सोडवण्यासाठी. त्या कबुल्यांवर किती विसंबायचं, याबद्दल इतिहासकार आजही वाद घालतात. फिलिप मेडोज टेलरची ठगावरची इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये आली आणि विलायतेत भरपूर वाचली गेली. तिचं निवेदनही ठगच करतो. देह पुरावा झाला, पण बोललं दुसरंच कोणी.

आता मराठी गोष्ट. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे विधवा होत्या, मधुमेहाने आणि इतर दुखण्यांनी त्रस्त होत्या. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्याच घरात राहत, त्यांच्यावर उपचार करत आणि त्यांचे व्यवहारही पाहत. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हणून डॉक्टरांनी त्यांना गाडीने नेलं. पहाटे गाडी पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. जी. टी. रुग्णालयात त्यांना इंदुमती या खोट्या नावाने दाखल केलं गेलं. त्याच दिवशी दुपारच्या आत त्या गेल्या. देह न्यायला कोणी आलं नाही. बेवारस म्हणून तो ग्रँट मेडिकल कॉलेजकडे, विद्यार्थ्यांच्या शवविच्छेदनासाठी निघाला. गळ्यावरची एक खूण कोणाच्या तरी नजरेत आली म्हणून तो परत फिरला आणि शवचिकित्सा झाली.

कादंबरी असती तर इथून पुढे प्रयोगशाळेने सूत्रं हाती घेतली असती. प्रत्यक्षात रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. मधुमेहाच्या मूर्च्छेने मृत्यू आला असावा, असं वैद्यकीय मत पडलं. देहाला विचारलं आणि देह गप्प राहिला. इकडे पुण्यात नातेवाइकांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं येत राहिली, की मी पुन्हा लग्न केलं आहे, दूर राहते आहे, सुखात आहे. त्यांचे पैसे आणि शेअर दरम्यान डॉक्टरांच्या हाती जात होते. डॉक्टरांना अटक झाली ती १९५८ मध्ये.

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ ला निकाल दिला. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. आम्हा जबलपूरकरांना हे नाव घरचं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपूरला सुरू झालं तेव्हाचे ते पहिले मुख्य न्यायाधीश. म्हणजे ते इथे पदावर आले आणि दोन आठवड्यांच्या आत ती गाडी पुण्याहून निघाली. निकालाचा गाभा असा की, विष सापडलं नाही एवढ्यावरून विषप्रयोग झालाच नाही असं म्हणता येत नाही. कित्येक विषं मागे खूण ठेवत नाहीत, आणि कोणतं विष खूण ठेवत नाही हे डॉक्टरला चांगलं ठाऊक असतं. मग न्यायालयाने केसपेपरवरची लक्षणं तपासली आणि ती मधुमेहाच्या मूर्च्छेशी जुळतात का ते पाहिलं. खोटं नाव, लपवलेला मृत्यू, बनावट पत्रं, लाटलेली मालमत्ता हे सगळं शेजारी शेजारी मांडलं. फाशी कायम झाली. तिसरे न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र वेगळं मत दिलं: मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झालेलं नाही.

मी हा निकाल गुन्हेकथांची चाहती म्हणूनच वाचायला घेतला होता. वाचून झाल्यावर कपाटातली अर्धी पुस्तकं मला थोडी पोकळ वाटू लागली. त्यांतलं शास्त्र चुकीचं आहे असं नाही. सगळा भार देहावर आणि यंत्रावर टाकून ती पुस्तकं एक गोष्ट विसरायला लावतात. लक्ष्मीबाईंना न्याय मिळाला तो देह बोलला म्हणून नव्हे. खूण बघून कोणीतरी देह थांबवला. पुढे पत्रांतली बाई आणि माहितीतली बाई एकच वाटत नाही हे कोणाच्या तरी लक्षात आलं. कोणीतरी कंटाळवाणे केसपेपर ओळीओळीने वाचले. आणि तिघांतल्या एकाला तरीही पुरेसं वाटलं नाही, ही नोंदही त्याच कागदावर राहिली. थरारकथेत असा न्यायमूर्ती क्वचितच भेटतो, कारण तो भेटला तर वाचकाला निश्चिंत झोप लागणार नाही.

आणखी एक. या पुस्तकांतली बळी बहुधा तरुण असते, देखणी असते, तिच्या जाण्याने शहर हादरतं. प्रौढ, आजारी, एकट्या राहणाऱ्या बाईच्या मृत्यूने कोणी हादरत नाही. मृत्यूचं कारण तिच्या आजारातच तयार असतं. मला वाटतं, मराठीत खरी न्यायवैद्यकीय कादंबरी कोणी लिहिली तर ती इथून सुरू व्हायला हवी.

हे सगळं आत्याला सांगावं की नाही या विचारात मी काही दिवस होते. अप्पा, म्हणजे तिचे यजमान, एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले आणि परत आले नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. कागदावर लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडल्यामुळे. “हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं,” असं ती एकदाच म्हणाली होती. काय विचारायचं हे शहरातल्या फार थोड्या बायकांना तिच्याइतकं ठाऊक असेल. तिने विचारलं नाही. ते रुग्णालय तिचं नव्हतं, पण माणसं ओळखीची होती.

शेवटी एका संध्याकाळी मी तिला लागू खटल्याचा निकाल मराठीत करून वाचून दाखवला. गाडीचा, पत्रांचा भाग तिने शांतपणे ऐकला. केसपेपरचा भाग आला तेव्हा ती सरसावून बसली. लघवीची तपासणी कोणी केली, नोंद कधी झाली, इन्सुलिन किती दिलं, असे प्रश्न विचारत तिने मला दोनदा मागे न्यायला लावलं. न्या. सरकार यांचं मत ऐकून मात्र ती जरा वेळ काही बोलली नाही.

“हेही चूक म्हणत नाहीत,” ती म्हणाली. “पण सगळ्यांनी वाचलं तरी.”

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा टेबलावर ‘कोमा’ उलटी ठेवलेली होती आणि तिच्याखाली दोरीने बांधलेली अप्पांची फाइल. “घे,” आत्या म्हणाली, “आणि काल वाचलंस तसंच वाच. मध्ये थांबवीन मी.”