गोंड की कोइतूर?

गतवर्षी मरोद्यातील आम्हां मराठी मंडळींच्या एका घरगुती बैठकीत मी गोंडवनावर एक निबंध वाचला. तेलुगूत ‘कोंड’ म्हणजे डोंगर, सबब गोंड म्हणजे डोंगरवासी, असे विधान त्यात मोठ्या डौलाने केले होते. श्रोत्यांत बालोदकडील माझे एक सहकारी होते. ते स्वतः गोंड. निबंध संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “भाईसाहब, यह नाम हमें दिया किसने?” मला उत्तर देता आले नाही.

ही व्युत्पत्ती नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची. त्यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली प्रसिद्ध झाले. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली आणि कनिंगहॅम यांचे ‘गौड’ शब्दाकडे नेणारे मतही शेजारी नोंदविले. म्हणजे त्यांच्या लेखी तो तर्क होता. आमच्या मराठी लेखनात मात्र त्या तर्काचा सिद्धांत झाला, आणि सिद्धांताचे पुढे स्वभाववर्णन झाले. गोंड म्हटला की डोंगर, मोहफुले आणि भोळेपणा! चांद्याचा परकोट उभारणारे राजे गोंड होते, 1702 च्या सुमारास नागपूर वसविणारा बख्तबुलंद गोंड होता, याचे स्मरण ‘डोंगरवासी’ हा शब्द योजताना कोणास होत नाही. मलाही झाले नव्हते.

त्याच रसेल-हिरालाल ग्रंथात असेही नमूद आहे की, हे लोक स्वतःस गोंड म्हणत नाहीत, कोइतूर म्हणतात. हे वाक्य आम्ही वाचतो आणि पुढे जातो. अनुसूचित जमातींच्या यादीचीही तीच तऱ्हा. कारकुनी पेशामुळे याद्या वाचण्याची मला सवय आहे, म्हणून सांगतो: महाराष्ट्राच्या यादीत ‘गोंड’ या मुख्य नोंदीखाली माडिया, मुरिया, अगरिया, असुर अशी पोटनावांची लांब रांग आहे, आणि तीतच कोठेतरी ‘कोइतर’ व ‘कोया’ येतात. ज्या नावाने सर्वांनी स्वतःस ओळखावे, ते परक्याने दिलेल्या नावाचे पोटकलम झाले आहे. (अगरिया व असुर हे तर परंपरेने लोखंड गाळणारे. भिलाईच्या भट्टीच्या सावलीत राहून हे वाचताना क्षणभर थांबावे लागते.)

परक्याने ठेवलेले नाव काय करते, हे आम्हां मराठ्यांस ठाऊक असावयास हवे होते. 1741 पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. त्याचा तेथे ‘बर्गी’ झाला, आणि त्या नावाने मुलांस निजविण्याची गीते बंगालीत रूढ झाली. बंगाली मित्राने थट्टेने कोणास बर्गी म्हटले तर आम्ही हसतो, पण ते हसणे फार मोकळे नसते.

उत्तर अमेरिकेतील ओनायडा लोकांचे नाव ‘उभ्या शिळेचे लोक’ अशा अर्थाच्या त्यांच्याच शब्दावरून आले. परक्या जिभेवर ते मोडले, तरी त्यात त्यांची शिळा उभी आहे. ‘गोंड’ या शब्दात कोइतुरांचे काय उरले?

तरीही ‘गोंड’ हा शब्द टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. जातीचा दाखला त्याच नावाने मिळतो. गोंडवाना हा शब्द त्या समाजाने अभिमानाने उचलला आहे. गडचिरोलीचे विद्यापीठ 2011 पासून तेच नाव वागविते. व्यंकटेश आत्राम यांनी आपल्या मराठी ग्रंथास ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ हेच नाव दिले. स्वतः स्वीकारलेले नाव आणि दुसऱ्याने चिकटविलेला अर्थ यांत अंतर आहे, आणि आमचा दोष दुसऱ्या बाबतीत आहे. भामरागडच्या माडियास सरसकट ‘गोंड आदिवासी’ म्हणून मोकळे होणारा मराठी लेखक कोकणस्थ-देशस्थांतील भेद मात्र दहा पाने रंगवितो, ही आमच्या वाङ्मयाची नजर झाली.

तो निबंध मी पुन्हा लिहावयास घेतला आहे. डोंगराचे वाक्य काढले, कोइतूर हा शब्द पहिल्याच परिच्छेदात आणला. शीर्षकातील ‘गोंडवन’ही बदलणार होतो, ते सहकाऱ्यांनीच राहू द्या म्हणून सांगितले.