राक्षसालाही बाप होता

सन २०२५ च्या सप्टेंबरातील १४ तारखेचा रविवार. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा त्या दिवशी सुरू झाली. आमच्या शिवडीच्या घरातून सकाळीच दोन दिशांना माणसे निघाली. वडीलधारी मंडळी मेणबत्त्या अर्पण करण्यासाठी वांद्र्याला गेली आणि कॉलेजात शिकणारा भाचा लोअर परळला चित्रपटाला निघाला. मी भाच्याबरोबर गेलो. "मामा, तू ये, पण मध्ये मध्ये प्रश्न विचारू नकोस," एवढी एकच अट त्याने घातली होती.

चित्रपट होता 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल'. जपानी चित्रकथेवरून निघालेल्या व घरोघरच्या मुलांनी फोनवर पाहून संपविलेल्या एका मालिकेचा हा चित्रपटातील अवतार. जपानमध्ये तो १८ जुलै २०२५ रोजी आणि भारतात १२ सप्टेंबरला प्रदर्शित झाला. जिथे एके काळी फिनिक्स मिलचा भोंगा वाजत असे, तिथल्या मॉलमध्ये सकाळच्या खेळाला एवढी तरुण मुले पाहून मी चकित झालो. पडद्यावर एखादे पात्र अवतरले की टाळ्या पडत. मला मात्र कोण कोणाचा शत्रू, हेही ठाऊक नव्हते!

कथेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कोयोहारू गोतोगे यांची मूळ चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली व पुढे तिचे २३ खंड झाले. दूरदर्शन मालिका २०१९ साली सुरू झाली. काळ जपानच्या ताइशो राजवटीचा, म्हणजे १९१२ ते १९२६ चा. कोळसा विकून घर चालविणारा तांजिरो हा मुलगा एके दिवशी घरी परततो, तेव्हा राक्षसाने त्याचे कुटुंब मारलेले असते. एक बहीण वाचते, पण तीही राक्षसीण झालेली असते. तिला पुन्हा माणूस करावे, यासाठी तो राक्षससंहारकांच्या पथकात दाखल होतो. या कथेतील सर्व राक्षस मुळात माणसेच होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मालिकेचा चित्रपट करताना दिग्दर्शकापुढे दोन वाटा असतात. कथा पुन्हा सांगायची, की नुसती मोठ्या पडद्यावर आणून ठेवायची? पहिल्या वाटेचे एक उत्तम उदाहरण जपानातच आहे. 'फ्लँडर्सचा कुत्रा' ही नेलो नावाच्या गरीब, चित्रकलेच्या वेड्या मुलाची कथा १९७५ साली ५२ भागांच्या मालिकेतून सांगितली गेली. १९९७ मध्ये त्याच दिग्दर्शकाने, योशिओ कुरोदा यांनी, तिचा चित्रपट केला. ५२ भागांचा ऐवज एका चित्रपटात मावणार कसा? कुरोदांनी त्यासाठी नवा डोळा शोधला. नेलोची बालमैत्रीण आता मोठी होऊन धर्मभगिनी झाली आहे, ती अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये येते आणि तिच्या आठवणींतून सारी कथा उलगडते. भाग गाळले गेले, पण कथेला एक मन मिळाले. पुन्हा सांगणे ते हेच.

'इन्फिनिटी कॅसल'चे दिग्दर्शक हारुओ सोतोझाकी यांनी दुसरी वाट धरली आहे. तीन भागांत योजलेल्या मालेतील हा पहिला चित्रपट. त्याला स्वतःचा आरंभ नाही आणि अंतही नाही. अडीच तासांहून अधिक चालणाऱ्या या पटात तीन मोठी द्वंद्वे एकामागून एक येतात. तलवार उगारली जाते, तोच गतकाळाची आठवण सुरू होते. ती संपते आणि तलवार खाली येते. वीस-पंचवीस मिनिटांच्या भागात ही रीत शोभते, कारण एका भागात एकच आठवण असते. सलग पाहताना मात्र ती शिडीच्या पायऱ्यांसारखी मोजता येऊ लागते. शिवाय पात्रे आपल्या मनातील प्रत्येक विचार बोलून दाखवितात. जे चित्र सांगून चुकले, तेच शब्द पुन्हा सांगतात. रचनेच्या दृष्टीने हा चित्रपट सदोष आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

चित्रकला मात्र विलक्षण आहे. खाली-वर, उजवे-डावे यांचा भरवसा नसलेला तो अथांग लाकडी वाडा, बिवा नावाच्या तंतुवाद्याची तार छेडताच सरकणाऱ्या खोल्या, त्यांतून कोसळत जाणारी माणसे, हे सारे पाहताना खुर्चीचा हात घट्ट धरावासा वाटतो. फोनच्या पडद्यावर ही खोली कळणे शक्य नाही.

पण ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते उत्तरार्धात आहे. अकाझा हा बलाढ्य राक्षस तांजिरो व त्याचा ज्येष्ठ साथी गियू यांच्याशी लढत असतो. याच अकाझाने पूर्वी तांजिरोला प्रिय असलेल्या रेन्गोकू या वीराला मारलेले आहे. प्रेक्षागृहातील प्रत्येक मुलाला त्याचा सूड हवा असतो. आणि नेमके इथेच आपल्याला एक मुलगा दिसतो. त्याचे नाव हाकुजी. बाप अंथरुणाला खिळलेला. औषधाला पैसे नाहीत, म्हणून पोर चोऱ्या करते, पकडले जाते, दंडावर गुन्हेगाराच्या खुणा गोंदवून घेते. आपल्यासाठी मुलाने चोर होऊ नये, म्हणून बाप गळफास घेतो. पुढे एक सहृदय गुरू त्याला आसरा देतो, आपल्या आजारी मुलीची शुश्रूषा त्याच्यावर सोपवितो. आयुष्य रुळावर येते न येते, तोच द्वेषाने पेटलेले शेजारी विहिरीत विष कालवतात. गुरू व कन्या दोघे जातात. हाकुजी नुसत्या हातांनी ६७ माणसे मारतो. राक्षस होणे ही त्यानंतरची पायरी.

टाळ्या वाजविणारे ते प्रेक्षागृह या प्रसंगी इतके शांत झाले, की शेजारच्या मुलीचे हुंदके ऐकू आले. शिवडीच्या माणसाला हा प्रसंग परका वाटत नाही. महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आमच्याच वस्तीत आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला मुलगा आम्ही पाहिलेला आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे. दुःखाची कहाणी सांगितली म्हणजे गुन्हा पुसला जातो काय? त्या ६७ जणांनाही बाप होते, मुले होती. त्यांची आठवण कोण दाखविणार? चित्रपट या प्रश्नापाशी फार वेळ थांबत नाही, ही त्याची खरी उणीव. तथापि तो अकाझाला निर्दोषही ठरवीत नाही. आपल्याला ज्याला ठार करायचे होते तो दुबळा माणूस आपणच होतो, हे अकाझाला उमगते. तो तांजिरोकडे पाहून हसतो आणि आपला शेवटचा घाव स्वतःवरच घालतो. बाप, गुरू आणि ती मुलगी त्याला पुन्हा भेटतात. मुलगी त्याला कवेत घेते, पण ज्वाळा टळत नाहीत. क्षमा आणि सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्या सूक्ष्मपणे इथे दाखविले आहे, ते मोठ्यांच्या चित्रपटांतही क्वचित आढळते.

याच चित्रपटात शिनोबू ही तरुणीही आहे. बहिणीला मारणाऱ्या दोमाला ती क्षमा करीत नाही; संताप उराशी धरूनच ती लढते आणि मरते. पटकथा तिला दोष देत नाही. दयेचा उपदेश जखमी माणसावर लादू नये, हे भान मला महत्त्वाचे वाटले.

आपल्या घरांतून अशा चित्रपटांविषयी दोनच सूर ऐकू येतात : 'कार्टून आहे, बघू दे' किंवा 'राक्षसांचे आहे, बंद कर'. दोन्ही सूर न पाहताच काढलेले असतात. यात रक्तपात पुष्कळ आहे. लहान मुलांना नेऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. पण वयात आलेल्या मुलांना एकटे पाठवूही नये. १९९३ साली दूरदर्शनवर मोगलीची जपानी मालिका लागे, तेव्हा रविवारी सारे घर एकत्र बसे. आज प्रत्येकाचा पडदा निराळा झाला आहे. चित्रपटगृहाने निदान त्या दिवशी आम्हां मामा-भाच्यांना एका रांगेत बसविले. हा चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत आला, मराठीत आला नाही. तेव्हा मराठीतून त्यावर बोलण्याचे काम घरच्यांनाच करावे लागेल.

परतताना रुग्णालयाच्या फाटकावरून जात असताना भाचा एकदम म्हणाला, "मामा, त्याच्या बापाला औषध मिळालं असतं, तर तो राक्षस झालाच नसता ना?" प्रश्न न विचारण्याची अट त्यानेच मोडली होती. "बहुधा नसता झाला," मी म्हणालो, "पण औषध न मिळालेले सगळेच काही राक्षस होत नाहीत." घरी पोहोचेपर्यंत आम्ही त्यावरच वाद घालीत होतो. ज्या चित्रपटाने एवढे केले, त्याचे रचनादोष मी माफ करायला तयार आहे.