वर निखारे, खाली निखारे

कोपरखैरण्यात खाण्याच्या गप्पा निघाल्या की सुरुवात केकनं होते. कोणाचा स्पंज जास्त फुगला, कोणी अंड्याऐवजी दही घातलं, कुकरची शिटी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरायची युक्ती 2020च्या टाळेबंदीत कोण कोणाकडून शिकलं. त्याच्या पाठोपाठ आवडत्या पेयांची पाळी येते. कोणी चहावाले, कोणी कोल्ड कॉफीवाले, कोणी उसाच्या रसात आलं-लिंबू असलंच पाहिजे म्हणून हटून बसणारे. पण गप्पांना खरा रंग चढतो तो कोणीतरी ‘आमच्या गावाकडं’ अशी सुरुवात केल्यावर.

आणि इथं गावं तरी किती! कोपरखैरणे गाव, बोनकोडे, खैरणे ही आगरी वस्ती मूळची, खाडीच्या काठची. 1970मध्ये सिडको स्थापन झाली, सेक्टर पडले, बैठी घरं उभी राहिली. मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आले, तशी साताऱ्या-सांगलीकडची, जुन्नरकडची माथाडी कुटुंबं इथं स्थिरावली. कोकणातली माणसं तर मुंबईच्या कुठल्याही उपनगरात असतात, तशी इथंही आहेत. बैठ्या घरांवर आता मजले चढले आहेत, पण भिंतीला भिंत तशीच आहे. शेजारच्या कढईत काय पडलं हे इथं नाकालाच कळतं. अशा गल्लीत ऐकलेल्या आणि चाखलेल्या तीन पदार्थांबद्दल मला सांगायचं आहे. त्यातही मुख्यतः एकाबद्दल.

तो एक म्हणजे तवसाचं धोंडस. कोकणात ओव्हन पोचण्याच्या कितीतरी आधीपासून घराघरांत केलं जाणारं हे भाजणीचं काम. त्याला ‘आपला देशी केक’ म्हणून ओळख करून द्यायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. केकशी तुलना केली की धोंडस फुगत नाही, हे पहिलं व्यंग ठरतं. पण ते फुगायचंच नसतं. केकचा सगळा डौल हवेवर असतो. मैद्यातला चिवटपणा ती हवा धरून ठेवतो. तांदळात तो चिवटपणा नाहीच. धोंडसाचं सगळं काम पाण्यावर चालतं, आणि ते पाणीही नळाचं नाही, तवसाचं.

तवसं म्हणजे पावसाळी काकडी, तीही जून. वेलावर राहून राहून पिवळी पडलेली, साल जाड, बिया टणक. कोशिंबिरीला ती कोणी घेणार नाही. कोवळ्या काकडीत नुसता ओलावा असतो. जून तवसात किंचित आंबूस, दाट असा एक गर असतो आणि वास तर कापताक्षणी घरभर होतो. बिया काढून तवसं किसायचं, आणि कीस पिळून पाणी फेकायचं नाही. इथंच बरेच जण चुकतात, कारण काकडीचा कीस पिळायची हाताला सवय असते. धोंडसात ते पाणी म्हणजेच दूध, तेच अंडं, तेच सगळं.

तांदळाचा रवा तुपावर भाजायचा. गुलाबी होऊ द्यायचा नाही, पण प्रत्येक कणाला तूप लागलं पाहिजे, म्हणजे पुढं तो फुगतो पण चिकटत नाही. एक वाटी रव्याला किसासकट पाणी दोन वाट्या, गूळ पाऊण वाटी. हे माप अंदाजाचंच, कारण एका तवसासारखं दुसरं तवसं नसतं. खोबऱ्याचे बारीक तुकडे, काजू, वेलची, आणि मीठ. मीठ विसरलं तर गूळ बोथट लागतो. हे सगळं मंद आचेवर रटरटलं की रवा तवसाचं पाणी पिऊन टरारतो. मग तळाला हळदीचं पान घातलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात ते थापायचं, आणि खाली मंद निखारे, झाकणावर धगधगीत निखारे.

निखाऱ्यांचं वैशिष्ट्य असं की ते पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात तापट असतात आणि मग आपोआप मवाळ होत जातात. वरचा गूळ लगेच करपण्याच्या सीमेवर येतो, पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्याखाली आतला ऐवज निवत्या आचेवर सावकाश शिजतो. ओव्हन तापमान एकसारखं ठेवतो, म्हणून त्यातलं धोंडस शिजतं चांगलं पण वरून फिकट राहतं. गल्लीतल्या एका कोकणी काकूंनी यावर साधा तोडगा काढला आहे. त्या ओव्हन 200 अंशांवर तापवून पातेलं आत ठेवतात आणि दहा मिनिटांनी 160वर आणतात. निखाऱ्यांचा स्वभाव त्यांनी बटणात उतरवला. कोपरखैरण्याच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवायला जागा नाही, तेव्हा याहून शहाणी वाट मला तरी दिसत नाही.

आता चव. पहिला घास पापुद्र्याचा: गूळ, किंचित कडवटपणा, दाताखाली करकर. लगेच आतला मऊ, दाणेदार भाग लागतो. तो जिभेवर पसरत नाही. रव्याचा कण न् कण सुटा कळतो. गोडी मध्येच थांबते आणि तिथं तवसाचा हिरवा, थंड वास येतो. भाजलेल्या पदार्थात असा थंडावा मी दुसरीकडं कुठं अनुभवलेला नाही. शेवटी हळदीच्या पानाचा वास नाकात रेंगाळतो, तो मात्र फक्त तळच्या तुकड्याला. म्हणून वाढताना तुकडा उभा कापावा, आडवा नव्हे. त्यावर लोण्याचा गोळा. चहाबरोबर धोंडस खाणाऱ्यांना मी अडवणार नाही, पण चहाचा तुरटपणा तवसाचा वास पार मारून टाकतो, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या जोडीला नारळाचं दूध चांगलं.

काही घरांत आता चिमूटभर सोडा घालतात. गुळातल्या आंबटपणाशी त्याचं जमतं आणि धोंडस दिसायला हलकं होतं. पण जाळी पडते, कण मोडतो, आणि चवीत एक साबणासारखी छटा येते. धोंडसाचा जडपणा हे त्याचं अंग आहे. तो घालवला की उरतं ते गुळाचं साधं पुडिंग.

जून तवसाची ही गोष्ट मनात ठेवूनच मला शेवळाकडं जावंसं वाटतं, कारण तिथंही कच्च्या मालात खोटच आहे, आणि ती खोट मोठी आहे. पहिला पाऊस पडला की ठाणे-रायगडच्या रानात सुरणाच्या कुळातलं हे फूल पानाआधी जमिनीतून वर येतं. तपकिरी-जांभळा टोकदार कोंब. बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या मावश्यांकडं जूनमध्ये थोडे दिवस जुड्या दिसतात, मग वर्षभर नाव नाही. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. त्यावर उतारा म्हणून जुडीबरोबर काकडाची छोटी, हिरवी, आंबट फळं घ्यावी लागतात. “काकरं नको इसरू गो बाय,” असं बजावल्याशिवाय मावशी जुडी देत नाही. आतल्या दांड्याचा पिवळा भाग कापून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, काकडं ठेचून त्यांच्या रसात शिजवायचं, तेलावर हात सैल सोडायचा. आगरी घरात सोडे किंवा कोलंबी पडते. सीकेपी मंडळींची शेवळाची कणी तर प्रसिद्धच आहे.

शिजलेल्या शेवळाचा पोत खिम्याजवळ जातो, वास ओल्या मातीचा. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. इतकं करूनही शेवटच्या घासानंतर घशाशी एक अगदी हलकी चुणचुण राहते, कळेल न कळेल इतकी. ज्या हातानं भाजी पुरती गुळमुळीत होऊ न देता खाज तेवढी काढली, तो हात जमलेला. चिंच जास्त घालून चुणचुण साफ घालवलेलं शेवळं मी खाल्लं आहे. ती कुठलीही आंबट भाजी असू शकली असती.

आंबिलीबद्दल थोडक्यात, कारण ती थोडक्यातच करायची असते. ज्वारीचं पीठ रात्री ताक-पाण्यात भिजवायचं, सकाळपर्यंत ते आंबतं, मग पाण्यात सोडून ढवळत उकळायचं. लसूण, जिरं, मीठ. निवली की वरून आणखी ताक. यल्लम्माच्या यात्रेत आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो, आणि साताऱ्या-सांगलीच्या घरांत उन्हाळ्यात ती रोजचीच. आवडत्या पेयाच्या गप्पांत कोणी तिचं नाव पटकन घेत नाही, कारण तिच्याकडं पेय म्हणून पाहायची सवय नाही. मात्र साताऱ्याकडच्या शेजारीण वहिनी त्या बाबतीत ठाम आहेत: “आंबील वाटी तोंडाला लावून वरपायची. चमचा लावायचा न्हाई.” आणि ते खरं आहे. चमच्यानं ती लापशी वाटते. वाटीनं घेतली की आधी ताकाचा आंबटपणा येतो, त्यामागून ज्वारीचा, जो जास्त खोल आणि पिठाळ असतो, आणि लसूण सगळ्यात शेवटी. दोन आंबटपणांमधलं ते अंतर हीच आंबिलीची करामत. बाजारातून आणलेल्या ताकात नुसतं पीठ उकळून घाईनं केलेल्या आंबिलीत एकच आंबटपणा लागतो, आणि तो वरवरचा असतो.

जून झालेलं तवसं, खाजरं शेवळं, आंबलेलं पीठ. तिन्ही ठिकाणी चव आली ती जे टाकून द्यावंसं वाटलं असतं त्यातून, आणि ते झाकून न टाकता. गल्लीतल्या गप्पांत स्पंज केकची वाहवा झाली तरी मी मत देताना धोंडसालाच देतो, कारण तिघांत सर्वांत अवघड तेच आहे. शेवळाला काकडं सावरून घेतात, आंबिलीला रात्र सावरून घेते. धोंडसाला मात्र आच चुकली की सावरणारं कोणी नाही.

श्रावण संपता संपता बाजारात मोठं, पिवळं, कोणी न घेतलेलं तवसं दिसलं तर ते घ्याच. कीस पिळू नका, सोडा घालू नका. आणि वासानं घरातली मंडळी कितीही मागं लागली तरी त्या दिवशी सुरी लावू नका. गरम धोंडस भुसभुशीत होऊन ढासळतं. रात्रभरात रवा घट्ट बसतो, गूळ मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची वडी स्वच्छ पडते.