परीक्षा पायांची की पट्ट्याची?

पायांकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आतून मेदाचे थर साचून अरुंद झाल्या, तरी बसलेल्या माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. तो चालू लागला, की स्नायूंची ऑक्सिजनची गरज वाढते, अरुंद नळीतून तेवढे रक्त पोचत नाही आणि पोटऱ्या भरून येतात. थोडे थांबले, की दुखणे शमते. जर्मन भाषेत या विकाराला 'दुकानाच्या काचेचा आजार' अशा अर्थाचे नाव आहे. रुग्ण वस्तू पाहण्याच्या बहाण्याने उभा राहतो, म्हणून! असे दुखणे मोजायचे, तर माणसाला चालवूनच पाहायला हवे. पण कुठे आणि कसे?

रूढ पद्धत ट्रेडमिलची. गार्डनर यांच्या पद्धतीत फिरत्या पट्ट्याचा वेग ताशी ३.२ किलोमीटर ठेवतात आणि दर दोन मिनिटांनी चढ २ टक्क्यांनी वाढवतात. चालवेनासे झाले, की घड्याळ थांबवायचे. सारे काही ठरलेले असल्याने दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवता येतात. हा गुण मोठाच आहे.

उत्तर अमेरिकेतील 'क्लेव्हर' या अभ्यासाने हाच निकष मुख्य मानला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आले. १११ रुग्णांपैकी काहींना केवळ औषधे व सल्ला, काहींना त्याखेरीज धमनीत स्टेंट, तर काहींना त्याखेरीज देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम दिला. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवरची कमाल वेळ या तीन गटांत सरासरी १.२, ३.७ आणि ५.८ मिनिटांनी वाढली. व्यायाम जिंकला. परंतु रोजचे जगणे कसे चालले आहे, असे प्रश्नावलीतून विचारले, तेव्हा अधिक सुधारणा स्टेंट बसवलेल्यांनी सांगितली!

शस्त्रक्रिया झाली, आता बरे वाटणारच, अशा अपेक्षेचा हा परिणाम असू शकेल. माझा आक्षेप मात्र दुसऱ्या बाजूचा आहे. व्यायामाचा सरावही ट्रेडमिलवरच होता. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतलेल्या वर्गाचे गुण वाढले, तर त्यात विषयाची समज किती आणि सरावाचा भाग किती, हा प्रश्न शिक्षकांना नवा नाही. सरकत्या पट्ट्यावर तोल सांभाळणे अंगवळणी पडते, भीती जाते. त्यात कठडा घट्ट धरला, तर पायांवरचा भार हलका होऊन वेळ लांबते, ते निराळेच. ५.८ मिनिटांतील सरावाचा वाटा त्याच ट्रेडमिलने कसा कळावा?

व्यायाम निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. उलट पुरावा आहे. मॅकडरमॉट व सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्ण घरीच राहून चालण्याचा व्यायाम करत होते. कसोटी होती सहा मिनिटांत किती अंतर कापता येते, ही. पोटऱ्या दुखेपर्यंत झपाझप चालणाऱ्यांचे अंतर वाढले. दुखणार नाही अशा बेताने चालणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. इथे पट्ट्याची सवय हा मुद्दाच उद्भवत नाही.

क्लेव्हरमध्ये १८ महिन्यांनंतर व्यायामाच्या गटातील वाढ ५.० मिनिटे, तर स्टेंटच्या गटातील ३.२ मिनिटे होती आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मुख्य निकषात सहा मिनिटांच्या चालण्याची जोड असती, तर वाद बराच सुटला असता. त्यासाठी लागते ती सुमारे ३० मीटरची सरळ मोकळी वाट आणि एक घड्याळ.