आकडा आणि आरोप : मतमोजणीच्या प्रसिद्ध आकड्यांवरून गैरव्यवहार सिद्ध होतो काय?

निवडणुकीच्या निकालाविषयी शंका घेणे हा नागरिकाचा अधिकार आहे. परंतु शंका आणि सिद्धता यांमधील अंतर कोणत्या साधनाने ओलांडावयाचे, हा शास्त्राचा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२४ मधील महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीनंतर या प्रश्नास आपल्याकडे विशेष निकड प्राप्त झाली. निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांच्याच आधारे विरोधी पक्षांनी गैरव्यवहाराचा आरोप केला आणि त्याच आकड्यांच्या आधारे आयोगाने तो फेटाळला. एकाच कोष्टकातून परस्परविरुद्ध निष्कर्ष निघतात, तेव्हा दोष कोष्टकापेक्षा अनुमानपद्धतीत असण्याचा संभव अधिक. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा करावयाची आहे. राज्यव्यापी आकड्यांनंतर रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हा परिसर दृष्टांतादाखल घेतला आहे. कारण एकत्रित आकड्यांना अर्थ लावण्यातील बहुतेक सर्व अडचणी तेथे एका ठिकाणी आढळतात.

आकड्यावरून आरोपाकडे जाणाऱ्या युक्तिवादास तीन पायऱ्या असतात. जो आकडा पुढे केला जातो तो ज्या वस्तूचा म्हणून सांगितला जातो तिचाच आहे काय, ही पहिली. योग्य तुलनेत तो खरोखरच असाधारण ठरतो काय, ही दुसरी. आणि असाधारण ठरल्यास गैरव्यवहाराखेरीज अन्य कारणांचा निरास झाला आहे काय, ही तिसरी. वादात उतरणारे लोक बहुधा पहिलीवरून एकदम तिसरीवर उडी घेतात.

पहिल्या पायरीचे उदाहरण अलीकडचेच आहे. आयोगाने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत झालेले मतदान ६,४०,८८,१९५ असे दिले होते. मोजलेल्या मतांची बेरीज ६,४५,९२,५०८ भरली. झालेल्या मतदानापेक्षा ५,०४,३१३ मते अधिक मोजली गेली, असा बोभाटा त्यावरून झाला. परंतु पहिली संख्या केवळ यंत्रांवर नोंदलेल्या मतदानाची होती आणि दुसरीत ५,३८,२२५ टपाली मतांचाही समावेश होता. टपाली मते पहिल्या संख्येत मिळविली म्हणजे आधिक्य नाहीसे होऊन उलट ३३,९१२ मतांची तूट दिसते. या तुटीलाही तेव्हाच्या नियमांत जागा होती. मतदान सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या अभिरूप मतदानाची नोंद केंद्राध्यक्षाकडून पुसावयाची राहिली, किंवा यंत्रातील एकूण संख्या नमुना १७-सी मधील हिशेबाशी जुळली नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवले जात असे. आणि विजयाचे अंतर त्यातील मतांपेक्षा मोठे असल्यास ते मोजलेच जात नसे. जो आकडा पुरावा म्हणून मांडला गेला, तो अशा रीतीने दोन भिन्न जातींच्या संख्यांची वजाबाकी होता.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. सायंकाळी पाच वाजता मतदान शेकडा ५८.२२ होते आणि अंतिम आकडा ६६.०५ झाला. सुमारे ९ कोटी ७० लक्ष मतदारांच्या हिशेबाने हा फरक ७६ लक्ष मतांचा होतो. संख्या प्रचंड वाटते, पण राज्यातील सुमारे एक लक्ष मतदान केंद्रांवर ती वाटली असता प्रत्येक केंद्रास सरासरी ७६ मते येतात. शिवाय पाच वाजताचा आकडा केंद्राकेंद्रांवरून तोंडी कळविलेल्या माहितीवर उभा राहिलेला तात्पुरता आकडा होता, मतदानाची वेळ सहापर्यंत असते, आणि सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू दिले जाते. यावर आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेले उत्तर असे की, दिवसभरात ताशी सरासरी ५८ लक्ष मते पडली. तेव्हा शेवटच्या दोन तासांत ११६ लक्ष मतेही पडू शकली असती. हे उत्तर आरोपाइतकेच अपुरे आहे. सरासरीवरून एखादी गोष्ट अशक्य नव्हती एवढेच कळते. ती प्रत्यक्षात कोठे व कशी घडली हे कळत नाही. ७६ च्या सरासरीखाली एका केंद्रावर शून्य आणि दुसऱ्यावर चारशे, अशी विभागणी लपू शकते. आरोप करणाऱ्यांनी राज्याच्या बेरजेत अपराध पाहिला, खंडन करणाऱ्यांनी राज्याच्या सरासरीत निर्दोषता पाहिली. केंद्रापर्यंत कोणीच गेले नाही.

केंद्रापर्यंत जाणे का आवश्यक आहे, हे पेण-रोह्याकडे पाहिले असता स्पष्ट होते. पेण तालुका संपूर्णपणे पेण विधानसभा मतदारसंघात येतो. रोहा तालुका मात्र पेण, अलिबाग व श्रीवर्धन अशा तीन मतदारसंघांत विभागला गेला आहे. या तीन भागांतील मतदार एकाच तालुक्यातील असूनही त्यांच्या विधानसभेच्या मतपत्रिका वेगळ्या, उमेदवार वेगळे. त्यामुळे मतदारसंघाचे प्रसिद्ध कोष्टक हाती घेऊन ‘रोह्यात अमुक घडले’ असे विधान करताच येत नाही. लोकसभेच्या वेळी हे तिन्ही मतदारसंघ महाड, दापोली व गुहागर यांसह रायगडमध्ये एकत्र येतात. म्हणजे लोकसभेचा कौल आणि विधानसभेचा कौल यांची तुलना करावयाची, तर तालुका नमुना २० मधील केंद्रवार आकड्यांवरून स्वतःच पुन्हा जुळवावा लागतो. आणि केंद्रांची संख्या, क्रमांक व हद्दी दोन निवडणुकांमध्ये बदललेल्या असतात, याचेही भान ठेवावे लागते.

तुलनेतील दुसरी अडचण राजकीय आहे. रायगड लोकसभा मतदारसंघात २०१४ साली अनंत गीते यांना ३,९६,१७८ आणि सुनील तटकरे यांना ३,९४,०६८ मते मिळाली. २०१९ मध्ये तटकरे ४,८६,९६८ मतांवर गेले व ३१,४३८ मतांनी विजयी झाले. पाच वर्षांत ९२,९०० मतांची ही वाढ आकड्यांच्या स्तंभात विलक्षण दिसते. पण २०१४ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचा स्वतंत्र उमेदवार रिंगणात होता व त्याने सुमारे १ लक्ष ३० हजार मते घेतली होती. २०१९ मध्ये तो पक्ष तटकरे यांच्या पाठीशी होता. २०२४ मध्ये युतींची मांडणी पुन्हा उलटी झाली, शेकाप गीते यांच्या बाजूस गेला, आणि तरीही तटकरे ८२,७८४ मतांनी निवडून आले. याचेही कारण केवळ बेरजेत सापडावयाचे नाही. पेणचे शेकापचे माजी आमदार धैर्यशील पाटील २०२३ मध्ये भारतीय जनता पक्षात गेले होते. पूर्वी काँग्रेसमध्ये असलेले रवींद्र पाटील त्याच पक्षातर्फे २०१९ मध्ये पेणहून निवडून आले होते. ज्या मुलखात गाव, भावकी आणि पुढारी यांच्या मागे मतांचा गठ्ठा हलतो, तेथे एखाद्या वाडीच्या केंद्रावर एकाच उमेदवारास जवळजवळ सर्व मते पडणे, किंवा पाच वर्षांनी ती सर्वच्या सर्व दुसऱ्याकडे जाणे, ही गोष्ट एकट्याने गैरव्यवहाराची खूण ठरत नाही.

आकड्यांतील अंकांच्या वारंवारतेवरून कृत्रिमता ओळखण्याची जी परीक्षा बेनफर्ड यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, तिच्याविषयीही येथे सावधगिरी हवी. पहिल्या अंकाचा तो नियम अनेक दशमानांत पसरलेल्या संख्यांना लागू पडतो. आपल्याकडील मतदान केंद्रावर मतदारांची संख्या हेतुपुरस्सर मर्यादित ठेवलेली असते; त्यामुळे उमेदवारांची केंद्रवार मते एका अरुंद पट्ट्यात राहतात आणि निर्मळ निवडणुकीतही नियमाचा भंग झालेला दिसतो. डेकर्ट, म्याग्कोव्ह व ऑर्डेशूक यांनी २०११ मध्ये या परीक्षेची निवडणुकीच्या बाबतीतील अविश्वसनीयता दाखवून दिली आहे. याउलट संयमाचे उदाहरण म्हणून सब्यसाची दास यांच्या २०२३ मधील निबंधाचा उल्लेख करता येईल. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत अटीतटीच्या जागांवर सत्ताधारी पक्षाचे विजय अपेक्षेहून अधिक आहेत, असे त्यांनी मांडले. पण या परीक्षा म्हणजे गैरव्यवहाराची सिद्धता नव्हे, हेही त्यांनी स्वतःच नमूद केले. त्या निबंधावर जो गदारोळ झाला त्यात हे वाक्य दोन्ही पक्षांनी बाजूला सारले.

आतापर्यंतचे विवेचन वाचून कोणी असे म्हणेल की, लेखक आरोपांची धार बोथट करीत आहे. तसे नव्हे, कारण याच मतदारसंघाने उलट बाजूचाही दृष्टांत पुरविला आहे. २०१४ मध्ये गीते यांचा विजय अवघ्या २,११० मतांचा होता, आणि त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्ष उमेदवारास ९,८४९ मते मिळाली होती. त्या मतांपैकी शेकडा २१.४ हून थोडी अधिक मते जरी नामसाम्यामुळे चुकून पडली असतील, तरी निकाल फिरला असता. येथे कोणा व्यक्तीच्या हेतूविषयी काही सुचवावयाचे नाही. एकाच नावाने उभे राहणे कायद्याने निषिद्ध नाही, आणि अशा उमेदवारांविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये विचारार्थ घेतली नाही. मुद्दा निराळा आहे. या निवडणुकीतील प्रत्येक मत खऱ्या मतदाराचे, खऱ्या यंत्रावरचे आणि बरोबर मोजलेले असूनही मतदारांची इच्छा व निकाल यांत अंतर पडलेले असू शकते. आणि अंकांची कोणतीही परीक्षा ते पकडू शकत नाही. संशयास्पद आकडा म्हणजे गैरव्यवहार नव्हे, त्याचप्रमाणे निर्दोष आकडा म्हणजे निर्मळ निवडणूक नव्हे.

कायद्याने ही अडचण फार पूर्वी ओळखली. वशिष्ठ नारायण शर्मा विरुद्ध देव चंद्र या १९५४ मधील खटल्यात एका उमेदवाराचा अर्ज अयोग्य रीतीने स्वीकारला गेला होता व त्याची मते विजयाच्या अंतराहून अधिक होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरविली नाही. ती मते अन्यथा कोणाकडे गेली असती हे तर्काने ठरविता येत नाही. निकालावर वस्तुतः परिणाम झाला हे सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर आहे, असा तो निर्णय होता. हे प्रमाण कठोर आहे, परंतु संशोधकास त्यापासून एक शिस्त घेता येते. ‘असे झाले असेल’ आणि ‘असे झाले’ यांच्यामध्ये जितकी गृहीते घातली, तितकी ती उघड मांडली पाहिजेत. २१.४ हा आकडा निष्कर्ष नाही. निष्कर्षासाठी काय सिद्ध करावे लागेल, त्याचे ते माप आहे. मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र २०१५ पासून येऊ लागले. त्यापूर्वीच्या व नंतरच्या निवडणुकांत समान नावाच्या अपक्षांस इतर अपक्षांच्या तुलनेने केंद्रवार किती मते पडली, हा अभ्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज करता येण्याजोगा आहे, आणि तो अनुमानाला पुराव्याच्या जवळ नेईल.

आयोगाच्या बाजूनेही हीच शिस्त पाळली जावयास हवी. महाराष्ट्रातील २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, म्हणजे १,४४० केंद्रांवरील व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची पडताळणी झाली व सर्व जुळल्या, असे सांगण्यात आले. या पुराव्याचे बळ किती? समजा, ३५० केंद्रांच्या एखाद्या मतदारसंघात पाच केंद्रांवर बिघाड केला आहे. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या पाच केंद्रांत त्यांपैकी एखादे सापडण्याचा संभव शेकडा सातच्या सुमारास आहे. पण असाच बिघाड शंभर मतदारसंघांत असेल, तर तो सर्वत्र निसटण्याचा संभव हजारात एकाहूनही कमी. तेव्हा ही पडताळणी राज्यव्यापी कटाच्या आरोपाविरुद्ध भक्कम पुरावा आहे, आणि एखाद्या विशिष्ट मतदारसंघातील तक्रारीविरुद्ध अत्यंत दुर्बल. मतदार यादीत भलत्याच नावांची भरती झाल्याच्या तक्रारीला तर ती स्पर्शच करीत नाही. पुरावा ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, त्याच प्रश्नापुरता तो वापरला पाहिजे.

निर्णायक साधन राज्याच्या बेरजेत नसून केंद्रावरील कागदांत आहे. मतदान संपताच केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरून त्याची प्रत मतदान प्रतिनिधीस देतो. मोजणीनंतर नमुना २० तयार होतो. या दोहोंची केंद्रामागून केंद्र जुळवणी झाल्यास मतदान व मोजणी यांच्या दरम्यान मते वाढली की नाही, याचे उत्तर अनुमानाविना मिळते. मतदार यादी आणि मतदान केल्याच्या सह्यांची नोंदवही यांची जुळवणी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देईल. परंतु १७-सी चे आकडे संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा आदेश देण्यास सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये नकार दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक अभिलेख लोकांच्या पाहणीतून वगळण्यात आले. ज्या संस्थेने तपासणीचे कागद आवरून घेतले, तिने लोक बेरजांवरून तर्क लढवितात अशी तक्रार करणे शोभत नाही. आणि ज्या पक्षाच्या प्रतिनिधींनी सायंकाळी १७-सी ची प्रत हाती घेऊन ती जपली नाही, त्यानेही राज्याच्या सरासरीवरून अपराध सिद्ध करू नये.

निवडणुकीचा खरा कस पराभूतांच्या संमतीत लागतो. पेणच्या किंवा रोह्याच्या मतदाराने आपण हरलो हे मान्य करावयाचे, तर त्याच्या केंद्रावरील हिशेब त्याला पाहता आला पाहिजे. आणि हिशेब पाहण्याचा आग्रह धरणाऱ्याने, तो जुळल्यास गप्प बसण्याची तयारी ठेवली पाहिजे. आपल्या विभागांतील अभ्यासकांनी यापुढे राज्याच्या कोष्टकांवर मते देण्याऐवजी एकेका तालुक्याचे केंद्रवार आकडे जुळवावेत, गृहीते लेखाच्या आरंभीच मांडावीत, आणि आपला निष्कर्ष कोणत्या कागदाने खोटा ठरेल तेही सांगावे.